सोमवारची हजेरी

पोर्टल हा शब्द आमच्या खारवण्यात आला नव्हता तोवर मी सुखात होते. म्हणजे अगदी सुखात असंही नाही. घरात मी सुदेशची बायको, गावात सुगंधाची सून, आणि बाजारात गेले की "ती बांद्याची". पण सकाळी वाचनालयाचं कुलूप काढलं, मागची खिडकी उघडून खाडीचा वारा आत घेतला, की मी शर्मिला. लग्न होऊन इथे आले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण माझं नाव मला त्या एका खोलीतच ऐकू यायचं. ती खोली गेली तर मी पुन्हा कुणाची तरी कुणीतरी. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मी पुढे जे केलं ते कशासाठी केलं, हे तुम्हाला परत परत सांगावं लागणार नाही.

वाचनालयात सगळ्यात आधी येणार ते दाजी. दाजी आमचे गावकार, देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. वाचनालयाची खोलीही त्यांच्याच वडलांनी दिलेली. भिंग घेऊन ते पेपर वाचायचे, जाहिराती आणि निविदांसकट. मध्येच मान वर करून म्हणायचे, "ह्यां बघ गो, रेडीक कायतरी लिलाव आसा." लिलाव कशाचा आणि आपण काय करायचं, ते कधी कळलं नाही.

मग जोडणी आली. जिल्ह्यातली लहानमोठी सगळी वाचनालयं एका पोर्टलला जोडायची, असं ठरलं आणि कुडाळला ऑफिस थाटलेल्या कुठल्याशा कंपनीला ते काम मिळालं. त्यांचे विनीत साहेब येऊन भिंतीला टॅबलेट ठोकून गेले. तरुण माणूस, बोलायला गोड. देवगडच्या वाचनालयातलं पुस्तक तुमच्या सभासदाला घरबसल्या दिसेल, मागितलं की गाडीने येईल, म्हणाले. खोटं कशाला सांगू, मी हरखून गेले. वाडीवाडीत फिरून सभासद केले. सासूला अक्षर वाचता येत नाही, तिलाही केलं, फोन आहे ना तिच्याकडे. पोर्टलने एकेक सेवा विचारली, ही जोडायची का, ती जोडायची का, आणि मी सगळ्याला होय म्हणत गेले. फुकट मिळतंय तर नाही कशाला म्हणा. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण ते नंतर कळलं.

अट एकच होती. चाचणीच्या महिन्यात कामाच्या प्रत्येक दिवशी, उघडताना आणि बंद करताना, ग्रंथपालाने टॅबलेटसमोर उभं राहून चेहरा दाखवायचा. तीच हजेरी. एक दिवस जरी चुकला तरी वाचनालय 'निष्क्रिय', पुस्तकं तालुक्याला जमा, खोली बंद. मी म्हटलं, त्यात काय, मी कुठे जाणार आहे?

आणि त्याच महिन्यात देवाने गावपळणीचा कौल दिला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. काही वर्षांनी एकदा आमचा गाव तीन रात्री रिकामा होतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी शिवेबाहेर. शिवेला लागून, खाडीपलीकडच्या मळ्यात माडाच्या झापांच्या झोपड्या घालून राहायचं. तेवढे दिवस गाव देवाचा आणि त्याच्या गणांचा. कुणी आत पाऊल टाकायचं नाही, चूलही पेटायची नाही. चौथ्या दिवशी सकाळी दाजी शिवेवरच्या पाषाणाला कळ्या लावून कौल घेतात, उजवी कळी पडली की गाव परत येतो. कुणी मध्येच आत गेलं तर पळण मोडली. मग सगळ्यांनी पहिल्यापासून परत. असं आजवर झालेलं नाही, म्हणून झालं तर काय होतं ते कुणी पाहिलेलं नाही.

पळण लागत होती शनिवारी संध्याकाळी. रविवारी वाचनालयाला सुट्टीच. मंगळवारी सकाळी गाव परत. म्हणजे अडचण फक्त सोमवारची. मी विनीत साहेबांना फोन लावला.

"साहेब, सोमवारी आमच्याकडे गावपळण आहे. गाव रिकामा करतात."

"कोण करतं? प्रशासन?"

"देव."

साहेबांनी पलीकडे यादी उघडली. मग म्हणाले, "मॅडम, वाचनालय बंद ठेवायच्या कारणांत पूर आहे, साथ आहे, निवडणूक आहे. देव नाही हो. पूर टाकून बघा, पण फोटो लागेल."

थंडीच्या दिवसांत पुराचा फोटो कुठून आणू? नवऱ्याला सांगितलं तर तो होडीचं काम करता करता म्हणाला, "एक दिस बंद रवला तर काय दर्या आटतलो?" त्याचं काही जात नव्हतं. खरं सांगते, त्या क्षणी मला त्याचा राग आला, पोर्टलचा आला, देवाचाही आला. इकडे आड, तिकडे विहीर, आणि बघणारे म्हणतात, उभी का राहिलीस?

शनिवारी ढोल वाजला आणि आम्ही निघालो. मळ्यात मजा असते, नाही म्हणत नाही. रविवारभर फुगड्या झाल्या, भजनं झाली, कालवांचं तिखलं झालं. मला मात्र घास गिळवेना. खाडीपलीकडे वाचनालयाचं कौलारू छप्पर दिसत होतं आणि मी सारखी तिकडेच बघत होते.

सोमवारी फटफटायच्या आत उठले. ओहोटी लागली होती. झोपडीत सासू शेजारी निजली होती. मी साडी खोचली, वळून पाहिलं तर तिचे डोळे उघडे. माझ्याकडे बघितलं, कूस बदलली आणि घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली. मी ओहोटीने उघड्या पडलेल्या खाजणातून, चिपीच्या झाडांच्या आडून, पोटरीभर चिखलातून गावात शिरले.

रिकामा गाव तुम्ही पाहिलाय का? कुत्रं भुंकत नाही, कोंबडा आरवत नाही, आपल्याच चपलेचा आवाज आपल्याला दटावतो. मी भुतांना घाबरणारी बाई नाही. तरी वाचनालयाचं दार आतून लावल्यावर कडी दोनदा तपासली. खिडक्या उघडायची सोय नव्हती. पलीकडून दिसलं असतं. मिटल्या खोलीत जुन्या पुस्तकांचा वास कोंडला होता, त्या वासात मी स्टुलावर बसून राहिले. तेवढ्यात भरतीचं पाणी चढलं आणि माझी वाट बुडाली. आता संध्याकाळच्या ओहोटीपर्यंत मी आतच. हरकत नव्हती, बंद करतानाची हजेरी व्हायची होतीच.

उघडायची वेळ झाली. टॅबलेटसमोर उभी राहिले, चेहरा दाखवला. हिरवी खूण उमटली. हुश्श केलं. इतकं बरं वाटलं की एकटीच हसले.

आणि खूण पुसून तिथे ओळी आल्या. 'आपले वाचनालय आज उघडे आहे. ग्रंथपाल शर्मिला उपस्थित आहेत. हा संदेश सर्व सभासदांना पाठविला आहे.'

रोज जायचा हा संदेश. मीच होय म्हटलं होतं त्याला. रोज जायचा म्हणून तर कुणी बघायचं नाही, मीही नाही. पण त्या सोमवारी मळ्यात काम ना धंदा बसलेल्या माणसांच्या हातात फोनच होते.

पडद्यावर एकेक नाव यायला लागलं आणि पुढे 'वाचला'. गुरुदास, वाचला. पूजा, वाचला. सुदेश, वाचला. मी हाताने पडदा झाकला, जसं काही झाकल्याने थांबणार होतं. हात काढला तर आणखी नावं. ज्या घरांत स्वतः जाऊन मी चहा प्यायले, सभासद व्हा म्हणून गळ घातली, ती घरं माझ्यासमोर ओळीने उभी राहत होती. आपलेच दात, आपलेच ओठ. बोंबलू कुणाच्या नावाने?

फोन मात्र कुणाचाच आला नाही. नवऱ्याचाही नाही. पळणीत गावात हाक मारायची नसते, तसा फोनही करायचा नसावा. खिडकीच्या फटीला डोळा लावला. पलीकडच्या काठावर माणसं येऊन उभी राहत होती. ओरडत नव्हती, हातवारे नव्हते. नुसती वाचनालयाकडे बघत होती. मी खाली बसले. खोली एवढी लहान आहे हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं. श्वास घेतला तरी पलीकडे ऐकू जाईल असं वाटत होतं. बाहेर पाणी, पाण्यापलीकडे गाव, आणि आत तो टॅबलेट माझ्याकडे बघत.

दुपार कलली तेव्हा टॅबलेट वाजला. पोर्टलवर सभासदांनी अभिप्राय लिहायची जागा असते, तिथे मजकूर आला होता. पूजाच्या नावाने. पूजा दाजींची नात.

'आजो सांगता तसा लिवतंय. सुगंधा म्हणता, माजी सून झोपडीत तापान निजली हा, कोणी जवळ येव नकात. मशीन म्हणता, शर्मिला वाचनालयात आसा. खरा कोणाचा?'

मी ते कितीदा वाचलं असेन. सासूचा आणि माझा कधी फार गोडवा नव्हता. मी केलेल्या आमटीत तिने रोज मीठ पाहिलं आणि रोज कमी सापडलं. ती बाई माझ्या अंथरुणावर घोंगडी पसरून झोपडीच्या दारात बसली होती, आणि शिवेवर, देवाच्या दारात, साऱ्या गावाला सांगत होती की आत सून आहे.

मला वाटलं, दाजींनी वाट काढून दिली. म्हण की मशीन खोटं. गाव मानेल, पळण मोडणार नाही, तान्ही पोरं आणि दुभती गुरं घेऊन कुणाला आणखी तीन रात्री मळ्यात काढाव्या लागणार नाहीत, सासू खोटी पडणार नाही. आणि मी खरं सांगितलं तर? तर वाचनालय राहील, आणि माझ्यामुळे गाव पळण मोडून बसेल, आणि वाचनालयात मग कोण येईल?

तरी माझं बोट उठत नव्हतं. कारण पोर्टल काय करणार ते मला ठाऊक होतं. ग्रंथपालाने स्वतःची हजेरी नाकारली की ती वादात जाते, आणि तो दिवस चुकलेल्यात जमा होतो. विनीत साहेबांनी शिकवलं होतं ते, आणि वर हसून म्हणाले होते, "हे कुणी करत नाही म्हणा."

मी लिहिलं, 'सासूचा खरा.'

पोर्टलने विचारलं, 'आपण आजची उपस्थिती नाकारत आहात का?' होय. 'नक्की?' होय. यालाही होयच म्हणत गेले. हिरवी खूण गेली, तांबडी आली.

काठावरची माणसं हळूहळू पांगली. मी पदराचा बोळा तोंडात धरून रडले, कारण रडण्याचा आवाजही गावात व्हायचा नव्हता. संध्याकाळी पाणी उतरलं तेव्हा आले तशीच गेले. झोपडीत शिरले तर सासू म्हणाली, "पाय धुव आणि गोधडेत शिर. ताप आसा तुका." मंगळवारी उजवी कळी पडली. गाव ढोल वाजवत घरी आला.

आठवड्याने कुडाळहून बोलावणं आलं. माझी मी जाऊन येणार होते, तर दाजी कोट घालून एसटीच्या थांब्यावर हजर. सोबत सुदेश आणि सभासदांतला गुरुदास. वाचनालय वाचवायला गाव निघाला होता. मला नको नको झालं, पण नको म्हणायला कारण काय सांगू? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

विनीत साहेबांनी सगळ्यांना खुर्च्या दिल्या. मग पडदा आमच्याकडे वळवला.

"मॅडम, त्या सोमवारी सकाळी तुमचा चेहरा नोंदवला गेलाय. ठिकाणही बरोबर आहे. हा बघा फोटो. मग दुपारी तुम्हीच नाकारलंय. चुकून बटण दाबलं गेलं असेल तर तसं म्हणा. तुम्ही तिथे होतात एवढं बोला, बंद करतानाची नोंद मी सांभाळून घेतो, आणि आत्ता, इथल्या इथे जोडणी सुरू करतो."

पडद्यावर मी होते. केस विस्कटलेले, डोळे जागरणाचे. दाजींनी खिशातून भिंग काढलं, पुढे वाकून फोटो पाहिला, नीट, वरपासून खालपर्यंत, निविदा वाचतात तसा. मग मागे टेकून बसले. सुदेश स्वतःच्या चपलांकडे बघत होता. खोलीत पंखा फिरत होता आणि बाकीचे माझ्या तोंडाकडे बघत होते. माझ्या खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये होती, ती मी मुठीत घट्ट धरली.

"मी नव्हते," मी म्हटलं.

"फोटो आहे मॅडम."

"जुना असेल. मला ताप होता."

"म्हणजे यंत्रणा चुकली असं तुमचं म्हणणं?"

"हो."

साहेबांना वाईट वाटलं असावं. तरी त्यांनी आणखी एकदा विचारलं, मी आणखी एकदा नाही म्हटलं, आणि त्यांनी कुठलंसं बटण दाबलं. एवढाच आवाज झाला.

परतीच्या गाडीत दाजी माझ्या शेजारी बसले. कसाल गेलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "फोटोत तुज्या गालाक चिकल होतो."

माझा हात गालाकडे गेला.

"खाजणातलो चिकल. माका काय कळणा नाय? खरा सांगलंस असतंस तर गावान आणि तीन दिस भायर काडले असते. झाप बांदललेच होते. गाव परत पळतलो गो. पुस्तका परत येवची नाय."

"दाजीनू, मगे तेव्हाच तसा सांगलात कित्याक नाय?"

"मी कित्याक सांगू? मी इचारलंय तुका. खरा कोणाचा म्हणान. आजपण थयसर जावन बसलंय, म्हटलंय, आज तरी सांगतली." त्यांनी भिंग रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं. "माका पण पेपर वाचूचो होतो."

देवाशप्पथ सांगते, त्या म्हाताऱ्याला गाडीतून खाली ढकलून द्यावंसं वाटलं. आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसंही वाटलं. यातलं मी काहीच केलं नाही. समोरच्या सीटचा दांडा धरून बसले.

तेवढ्यात सुदेशचा फोन वाजला. मग गुरुदासचा. मग दाजींचा. मग माझा. सभासदांना संदेश पाठवायची ती सेवा चालूच होती, शेवटचा संदेशही तिनेच पाठवला. कुणीच फोन उघडून पाहिला नाही.

घरी आले तर सासू पडवीत फोन हातात धरून बसलेली.

"मघाशी वाजलो. काय इला बघ. वाच गो."

मी वाचलं. 'आपले वाचनालय निष्क्रिय करण्यात आले आहे. पुस्तके तालुका वाचनालयात उपलब्ध होतील. आपल्या सहकार्याबद्दल आभार.'

"म्हंजे?"

"म्हंजे बंद झाला, आई. कायमचा."

तिने फोन माझ्या हातातून घेतला, पदराने पुसला आणि मांडीवर पालथा ठेवला. तोंड खाडीकडे केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"जल्मात पयल्यांदा शिवेर बसान खोटा बोललंय मी. देवान इचारल्यान, कशासाटी बोललंस, तर आता काय सांगू?"